मनालीत हिवाळ्यासाठी घर: आठ महिने, दोन भाड्याची घरं आणि उन्हाचा हिशेब

१२ जानेवारीला सकाळी पावणेसातला मी गिझरचं बटण दाबलं आणि दोन-तीन मिनिटांत न्हाणीघरातून जळका वास यायला लागला. रात्रीत गिझरच्या मागचा पाइप गोठून जोडणीपाशी तडकला होता. टाकीतलं सगळं पाणी बाहेरच्या बाजूने गळून गेलं होतं आणि कोरड्या टाकीत कॉइल जळली होती. टॉर्च घेऊन मागच्या बाजूला गेले तर त्या गळतीचा बर्फ भिंतीवरून हातभर लोंबत होता, मेणबत्तीच्या ओघळासारखा गुळगुळीत. त्यात पाइपाचं काळं टोक अडकून दिसत होतं.

प्लंबर दुपारी आला. पंचावन्न-साठीचा माणूस, इथलाच. त्याने पाइप पाहिला, गिझर पाहिला, मग घराभोवती एक फेरी मारून आला आणि मला विचारलं, "मॅडम, मकान लेते वक्त धूप देखी थी?"

आम्ही पाहिलं नव्हतं. बाकी सगळं पाहिलं होतं. म्हणूनच हे सविस्तर लिहायला घेतलं आहे. मनालीत हंगामभर राहायचं म्हणणाऱ्यांचा पहिला प्रश्न नेहमी "सोलांगला जवळ कुठे पडेल?" हाच असतो. सोलांग म्हणजे मनालीच्या वरच्या अंगाचे स्कीचे उतार. आमचाही हाच होता.

थोडं आमच्याबद्दल. मी आणि नवरा दोघंही पुण्याचे, दोघांचंही काम घरून चालतं. आदल्या वर्षी मी इथल्या पर्वतारोहण संस्थेचा १४ दिवसांचा प्राथमिक स्की अभ्यासक्रम केला आणि एक अख्खा हंगाम सोलांगच्या उतारावर घालवायचाच असं ठरवलं. सोबत आई. तिचं वय ७१, गुडघे दुखरे, पण "तुम्ही तिकडे आणि मी इथे एकटी" हे तिला मान्य नव्हतं. ऑक्टोबर ते मे, आठ महिने राहिलो. विकत घेण्याचा प्रश्न आधीच बाजूला ठेवा: हिमाचलात शेतकरी नसलेल्याला सरकारच्या परवानगीशिवाय जमीन घेता येत नाही, १९७२ च्या कायद्याचं कलम ११८ आडवं येतं. तेव्हा इथे जे काही लिहिते आहे ते भाड्याच्या घराबद्दल.

पहिलं घर लॉग हट्सच्या बाजूला, देवदारांच्या कडेला घेतलं. भाडं २०,०००, दोन खोल्या, स्वयंपाकघर, लाकडी पटईचं छत. माल रोड चालत पंधरा मिनिटांवर आणि हिडिंबेचं देऊळ त्याहून जवळ. ऑक्टोबरमध्ये पाहायला गेलो तेव्हा खिडकीतून देवदारांच्या खोडांमध्ये तिरपं ऊन पडलं होतं आणि खाली मनालसू ओढ्याचा आवाज येत होता. आई म्हणाली, "इथे नुसतं बसलं तरी बरं वाटेल." त्याच दिवशी अनामत दिली. त्या जागेची शांतता खोटी नव्हती, हे आजही सांगेन. रात्री ओढा सोडला तर कसलाही आवाज नाही.

आता भूगोल. मनालीत बियास उत्तरेकडून दक्षिणेला वाहते आणि दोन्ही अंगांना उंच डोंगर आहेत. नदीच्या उजव्या काठावर मनाली शहर, लॉग हट्स, ढुंगरी, जुनी मनाली, सिमसा. डाव्या काठावर वशिष्ठ, अलेऊ, प्रीणी, पुढे जगतसुख आणि नग्गर. उजव्या काठाच्या घरांच्या पाठीशी पश्चिमेचा डोंगर, म्हणून सकाळ चांगली आणि दुपार लवकर संपते. डाव्या काठाला सकाळ उशिरा होते, पण दुपारचं ऊन टिकतं. उन्हाळ्यात यातलं काहीच जाणवत नाही. डिसेंबर-जानेवारीत मात्र सगळा फरक इथेच पडतो. पुण्यात डिसेंबरअखेरीस भर दुपारी सूर्य क्षितिजापासून साधारण ४८ अंश वर असतो. मनालीत जेमतेम ३४. एवढ्या खालच्या सूर्यात ३० मीटर उंच देवदाराची सावली सपाट जागेवर भर बारा वाजता ४४ मीटर लांब पडते. आमच्या दक्षिणेला असे देवदार ओळीने उभे होते. ऑक्टोबरमध्ये ज्या झाडांच्या आम्ही प्रेमात पडलो, त्यांच्याच सावलीत पुढचे तीन महिने काढले.

आधी हे लक्षात आलं नाही. नोव्हेंबरच्या शेवटी आई रोज खुर्ची सरकवायला लागली, ऊन जाईल तिकडे. मग खुर्ची सरकवायला जागाच उरली नाही. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात मी वहीत वेळा लिहायला घेतल्या: ऊन आलं ११:१०, गेलं १:१५. दोन तास आणि पाच मिनिटं, तेही फांद्यांमधून. कपडे तीन-तीन दिवस वाळेनात. उत्तरेच्या भिंतीवरचा पाण्याचा काळा पाइप एकदा गोठला की दिवसभरात सुटायचाच नाही. इथे सगळेच रात्री एखादा नळ बारीक धारेने सोडून ठेवतात, कारण वाहतं पाणी लवकर गोठत नाही. आम्हीही ठेवत होतो. पण ११ तारखेच्या रात्री छतावरची टाकीच रिकामी झाली, धार थांबली आणि पाइपात राहिलेलं पाणी गोठलं. गोठताना पाणी साधारण ९ टक्के फुगतं. पाइपाची जोडणी तेवढं सहन करत नाही.

घरमालकांशी वाद झाला. त्यांचं म्हणणं, रिकामा गिझर तुम्ही चालू केला, चूक तुमची. माझं म्हणणं, पाइप उघडा, उत्तरेच्या भिंतीवर, त्यावर साधं गोणपाटसुद्धा गुंडाळलेलं नाही, आणि गळती झाली ती भिंतीच्या बाहेर. झोपेतल्या माणसाला ती कशी दिसणार? दुरुस्तीचे २,८०० रुपये त्यांनी अनामतीतून कापले. त्या रकमेसाठी मी तीन दिवस भांडले आणि त्याचं मला जराही वाईट वाटत नाही. उघडा पाइप ठेवून हिवाळ्याचं पूर्ण भाडं घेणं योग्य नाही. शेवटी निम्मे परत मिळाले.

मग भर जानेवारीत घर शोधायला निघालो. घर पाहायची खरी वेळ हीच, असं आता मला वाटतं. ऑक्टोबरमध्ये मनालीतलं प्रत्येक घर सुंदर असतं. जानेवारीत मी घड्याळ आणि वही घेऊन फिरले. प्रत्येक ठिकाणी शेजाऱ्यांना दोनच गोष्टी विचारल्या: ऊन किती ते किती, आणि पाणी कधी गोठतं.

आधी सोलांगच्या जवळची गावं. संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी बुरुआला गेलो. उतार इतका जवळ की स्कीचे बूट घालून दारातून निघावं. घर जुन्या पद्धतीचं, दगड आणि लाकडाचे थर एकाआड एक रचलेलं. अशा भिंती सिमेंटच्या घरापेक्षा कितीतरी उबदार असतात, हात लावला की कळतं. घरातली अम्मा अगदी हळू बोलत होती. मला वाटलं आजारी असेल. मग तिने समजावलं: संक्रांतीपासून ४२ दिवस गोशालच्या देवता स्वर्गात गेलेल्या असतात. तोपर्यंत गोशाल, बुरुआ, शनाग, पलचान, कोठी, सोलांग अशा आजूबाजूच्या गावांत मोठा आवाज करायचा नाही. टीव्ही बंद, रेडिओ बंद, शेतात कुदळ मारायची नाही, देवळातली घंटासुद्धा वाजवायची नाही. देवळात मातीचा थर घालून ठेवतात आणि देव परतले की त्या मातीत काय निघतं यावरून वर्ष कसं जाईल ते सांगतात. फूल निघालं तर चांगलं, कोळसा निघाला तर आगीची भीती. मी पर्समधून तिळगुळाची पुडी काढली आणि "गोड बोला" असं मनातल्या मनातच म्हणून तिच्या हातावर ठेवली.

ते घर मनापासून आवडलं होतं. पण माझं काम म्हणजे दिवसाचे पाच-सहा तास मोठ्याने बोलणं, रात्री अकरापर्यंत. कानाला हेडफोन लावला तरी तोंड बंद होत नाही. गावाने इतक्या श्रद्धेने पाळलेलं मौन भाडेकरूने येऊन मोडावं, हे मला पटेना. ज्यांचं काम शांतपणे होतं आणि ज्यांना फक्त स्कीइंगसाठी राहायचं आहे, त्यांनी ही गावं जरूर पाहावीत. एक मात्र ध्यानात ठेवा: मोठा बर्फ पडला की पलचानच्या खालीच गाड्या अडवतात, चारही चाकांना ताकद असलेल्या गाड्याच वर सोडतात. वर राहणारा वरच अडकतो. औषधपाणी असलेलं वयस्कर माणूस घरात असेल तर विचार करा.

जुनी मनाली मी मनातून आधीच काट मारली होती: कॅफे, गर्दी, मनालसूवरचा पूल, पुलावरची कोंडी. जाऊन पाहिल्यावर मत बदललं. वरचं जुनं गाव, मनूच्या देवळाच्या आसपासचं, ओढ्याच्या उत्तर बाजूला आहे आणि त्याचा उतार दक्षिण-पूर्वेकडे तोंड करून आहे. सकाळी पावणेदहाला तिथे अंगणात ऊन होतं आणि बायका उन्हात लोकर विणत बसल्या होत्या. आमच्या घरापासून फक्त ओढ्याच्या पलीकडे! मधे एक ओढा आणि इकडे सावली, तिकडे ऊन. तिथे जागा मिळाली असती तर घेतलीच असती. पण हिवाळ्यासाठी मोकळी असलेली दोन्ही घरं चढणीच्या टोकाला होती, आणि बर्फ पडून घट्ट झालेल्या त्या फरसबंद चढावर आईला रोज कसं नेणार?

नदीकाठची घरं आम्ही पाहिलीच नाहीत, भाडं कितीही कमी असलं तरी. ९ आणि १० जुलै २०२३ ला बियासने काय केलं ते इथल्या प्रत्येकाला आठवतं. कुल्लू-मनाली महामार्ग उजव्या काठाने आहे, तो जागोजागी वाहून गेला आणि नग्गरमार्गे जाणाऱ्या डाव्या काठाच्या अरुंद रस्त्यावर सगळी भिस्त आली. हिवाळ्यात नदी लहान आणि निळी दिसते, काठावरची खोली मोहात पाडते. नको.

अलेऊ-प्रीणीचा पट्टा मला सगळ्यात समजूतदार वाटला. पर्वतारोहण संस्था तिथेच आहे, डाव्या काठामुळे दुपारचं ऊन आहे, सफरचंदाच्या बागा आहेत आणि माल रोडची गर्दी नदीपलीकडे राहते. सोलांगला बर्फ कमी असेल तेव्हा प्रीणीहून वर हमटाच्या वाटेवर सेथनला जाता येतं, तिथे उंचीमुळे बर्फ टिकतो. लहान मुलं असलेल्या कुटुंबाला मी हाच पट्टा सुचवेन. आम्हाला तिथे आठवडाभर थांबावं लागणार होतं आणि आमच्याकडे गिझर नव्हता.

वशिष्ठला गेलो ते खरं तर अंघोळीसाठी. देवळातल्या गरम पाण्याच्या कुंडात. बायकांचं वेगळं, पुरुषांचं वेगळं, पाण्याला गंधकाचा वास. चार दिवस बिनअंघोळीची आई त्या पाण्यात गळ्यापर्यंत बसली आणि तिने डोळे मिटून घेतले. अर्ध्या तासाने बाहेर आली ती कुंडाच्या पायऱ्या कठड्याला हात न लावता चढली. मी मागे उभी राहून पाहत होते. देवळाबाहेर गरम पाण्याचे नळ आहेत, तिथे गावातल्या बायका कपडे धूत होत्या, भांडी घासत होत्या, हात लालबुंद आणि गप्पा जोरात. वाफेने सगळ्यांचे चेहरे ओलसर. गावभर पाइप गोठलेले असताना इथे जमिनीतून कढत पाणी येत होतं, कोणाच्याही बिलावर न चढता. आई म्हणाली, "घर इथेच बघ."

२४ जानेवारीला सामान हलवलं. भाडं २१,५००, म्हणजे दीड हजार जास्त. दक्षिण-पश्चिमेला दोन मोठ्या खिडक्या. पहिल्याच दिवशी वहीत लिहिलं: ऊन आलं ९:५०, गेलं ३:४०. जवळजवळ सहा तास.

पैशांचा हिशेब देते, कारण भाड्याचा आकडा पाहून लोक ठरवतात आणि तिथेच फसतात. देवदारांच्या घरात डिसेंबरमध्ये तंदूरसाठी (खोलीतली लोखंडी शेगडी, काश्मीरकडे तिलाच बुखारी म्हणतात) लाकूड ७,२०० आणि वीज ४,१००. भाडं धरून ३१,३००. वशिष्ठला फेब्रुवारीत लाकूड ३,६००, वीज २,३००, भाडं धरून २७,४००. फेब्रुवारीत दिवस मोठा असतो आणि थंडी जरा उतरते हे मान्य, पण तेवढ्याने खर्च अर्ध्यावर येत नाही. दुपारभर तापलेली भिंत रात्री नऊपर्यंत उबदार राहायची, तंदूर सहाऐवजी आठला पेटवायचो. दीड हजार जास्त देऊन महिन्याला जवळजवळ चार हजार वाचले. शिवाय आईचं अंग शेकायला रोजचं कुंड.

सोलांगच्या दृष्टीनेही वशिष्ठ बरं निघालं, हे आधी लक्षात आलं नव्हतं. वरचा रस्ता मनालीच्या पुलावरून नदी ओलांडून डाव्या काठानेच वर जातो. म्हणजे लॉग हट्सहून निघाल्यावर माल रोड आणि पुलाच्या कोंडीत जी वीस मिनिटं जायची, ती गेली. अटल बोगदा ऑक्टोबर २०२० मध्ये खुला झाल्यापासून बर्फ पाहायला बोगद्यापलीकडच्या सिस्सूपर्यंत जाणारी सगळी वाहनं याच रस्त्यावर असतात, त्यामुळे शनिवार-रविवारी सकाळी आठच्या आत निघायला हवं. स्की भाड्याने घेणार असाल तर रस्त्यावरच्या नंबर घातलेल्या दुकानांत बूट दहा मिनिटं पायात घालून उभे राहा, मग पैसे द्या. घोटा हलत असेल तर तो बूट तुमचा नाही. आणि हंगाम जानेवारीपासून असं सगळे सांगतात, पण बर्फ पश्चिमी विक्षोभांवर, म्हणजे पश्चिमेकडून येणाऱ्या हिवाळी वादळांवर अवलंबून. आम्हाला उतारावर नीट बर्फ जानेवारीच्या शेवटी मिळाला, मार्चच्या मध्यापर्यंत टिकला. त्या सात आठवड्यांत मी एकोणतीस दिवस उतारावर होते. वळणं अजून डावीकडे घट्ट येतात.

मार्चमध्ये वशिष्ठबद्दलचं मत थोडं खाली आलं, तेही लिहायला हवं. होळीच्या सुट्टीपासून गर्दी सुरू झाली आणि गावात येणारा एकच चढाचा रस्ता गाड्यांनी भरायला लागला. आमची गाडी एकदा अडीच तास जागची हलली नाही. कुंडावर सकाळी सहाच्या आत गेलं तरच निवांत. रात्री छतांवरच्या कॅफेंमधून गाणी. मौनाचं बुरुआ तेव्हा फार आठवलं. शिवाय सकाळी पावणेदहापर्यंत ऊन नसणं हे जानेवारीत चालून जातं, पण एप्रिलमध्ये खालच्या अंगणात सगळीकडे ऊन असताना आपण सावलीत, हे आईला खुपायचं.

आणि एप्रिलमध्येच एकदा जुन्या घरावरून चालत गेले. सफरचंदाला मोहर आला होता, ओढ्याला पाणी चढलं होतं आणि त्या खिडक्यांवर चांगलं घसघशीत ऊन होतं. सूर्य देवदारांच्या शेंड्यांवर आला होता. एप्रिल ते ऑक्टोबर राहायचं असेल तर ते घर मनालीतल्या सगळ्यात चांगल्या घरांपैकी आहे, आणि २०,००० भाडं त्याला जास्त नाही. रागाच्या भरात मी दोघातिघांना "तिकडे चुकूनही घेऊ नका" असं सांगितलं होतं. ते मागे घेते. नोव्हेंबर ते मार्च घेऊ नका, एवढंच.

घर पाहायला फक्त ऑक्टोबरमध्येच जमत असेल तर एक करा. फोनमध्ये सूर्याचा मार्ग दाखवणारं ॲप मिळतं. त्यात २१ डिसेंबर तारीख टाकून खिडकीत उभे राहा, सूर्याच्या वाटेवर झाड, डोंगर की शेजारची इमारत आडवी येते ते दिसतं. मग उत्तरेच्या भिंतीवर पाण्याचा पाइप आहे का ते पाहा. उत्तरेच्या पत्र्याच्या छपरावर शेवाळ असेल तर पुढचं काही विचारूच नका. आणि शेजारच्या घरातल्या बाईशी बोला, मालकाशी नंतर. ऊन किती वाजता जातं हे तिला मिनिटावर ठाऊक असतं.

मे महिन्याच्या शेवटी निघताना आम्ही वशिष्ठच्याच घरासाठी पुढच्या नोव्हेंबरचे दोन महिन्यांचे पैसे देऊन आलो. मालकीणबाईंशी एकच अट घातली: न्हाणीघराचा पाइप बाहेरच्या भिंतीवरून काढून घराच्या आतून फिरवायचा. निम्मा खर्च आमचा. काम करायला तोच प्लंबर आला. त्याने पाइप आत घेतला, जिथे भिंतीतून येतो तिथे काचेची लोकर दाबून भरली आणि निघताना खिडकीजवळच्या भिंतीवर पेन्सिलीने एक रेघ मारली. जानेवारीत ऊन इथपर्यंत येतं, म्हणाला. आईची खुर्ची आत्ताच तिथे ठेवून आलो आहोत.